मौनीबुवांची पाच मिनिटं

परिपत्रक वाचून माझ्या हातातला चहा सांडला, असं मी पुढे सगळ्यांना सांगत सुटलो. खरं म्हणजे चहा सांडला नाही, मीच खुर्चीवरून घसरलो. त्या खुर्चीचं एक चाक तीन वर्षं सैल आहे आणि ते बदलून मिळावं म्हणून मी आजवर सात अर्ज केलेत, पण तो विषय वेगळा. घसरलो तो परिपत्रकामुळेच. त्यात लिहिलं होतं की नव्या संचालिकाबाईंसमोर प्रत्येक विभागाने वीस मिनिटांचं सामूहिक सादरीकरण करावं. विषय, ‘आमचा विभाग कशासाठी?’ ज्या विभागाला हे पटवून देता येणार नाही तो पुढच्या महिन्यापासून शहराबाहेरच्या कारखान्यात हलवण्यात येईल. ‘सामूहिक’ या शब्दाखाली रेघ मारली होती आणि कंसात स्पष्ट केलं होतं की विभागातल्या प्रत्येक व्यक्तीने किमान पाच मिनिटं बोलणं बंधनकारक आहे.

बावीस वर्षं नोकरी केल्यावर ‘तुम्ही कशासाठी?’ असा प्रश्न माणसाला विचारावा का? घरी बायको विचारते, ते मी समजू शकतो. पण कंपनीने?

आमची कंपनी वजनकाटे बनवते. दुकानातले, दवाखान्यातले, गोदामातले. ते बनवले की कधी ना कधी बिघडतात आणि बिघडले की लोक चिडतात, म्हणून आमचा तक्रार विभाग. चार माणसं, एक खोली, दोन खिडक्या, त्यातली एक उघडते. तक्रारीची पत्रं वाचून उत्तरं लिहायचं काम माझं. फोनवाल्या बाई फोन घेतात. कोठीकाका सुट्या भागांची कोठी सांभाळतात. आणि चौथे मौनीबुवा, जे प्रत्यक्ष काटे दुरुस्त करतात. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते वाचायची वेळ कधी येत नाही, कारण ते गैरहजर कधीच नसतात.

मौनीबुवा दिवसाकाठी चार शब्द बोलत असतील. सकाळी ‘आलो’, दुपारी एक वाजता ‘जातो’, पावणेदोनला परत ‘आलो’ आणि संध्याकाळी ‘जातो’. दुपारचं ते जाणं मात्र फार महत्त्वाचं. त्यांची बायको चार वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. घर कचेरीपासून दहा मिनिटांवर. हे जातात, वहिनींना चार घास भरवतात, कुशीवर वळवतात, उशी सारखी करतात आणि परत येतात. घरात दुसरं कुणी नाही. कारखाना बसने दीड तासावर आहे. आम्हा तिघांना कारखाना म्हणजे नुसती कटकट होती, पण मौनीबुवांच्या बाबतीत कारखाना म्हणजे वहिनी सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच कुशीवर. त्यामुळे परिपत्रक वाचून झाल्यावर आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग तिघांनी मौनीबुवांकडे बघितलं. ते एका काट्याचा स्क्रू काढत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण स्क्रू त्यांच्या हातून खाली पडला. मौनीबुवांच्या हातून स्क्रू पडलेला मी पहिल्यांदाच बघितला.

“विभाग हलता कामा नये,” कोठीकाका म्हणाले.

“मुळीच नाही,” बाई म्हणाल्या.

“पण यांना पाच मिनिटं बोलावं लागेल,” मी म्हणालो.

सादरीकरणाची तयारी कशी करावी यावर मी ग्रंथालयातून एक पुस्तक आणलं. त्यात पहिलंच वाक्य होतं की आधी रंगीत तालीम करा. मी सभागृह मागायला आस्थापना विभागात गेलो. तिथल्या कारकुनाने मला नियम वाचून दाखवला, सभागृह फक्त सादरीकरणाला मिळतं, तालमीला नाही.

“मग तालीम हेच सादरीकरण समजा,” मी म्हणालो.

“समजतो की. मंजूर झालेल्या सादरीकरणाची प्रत जोडा.”

“ती तालमीशिवाय तयार कशी होणार?”

“मग तालीम करून या,” तो अतिशय सौजन्याने म्हणाला.

प्रोजेक्टरची कथा याहून भयंकर. तो तापतो म्हणून अग्निसुरक्षा अधिकाऱ्याच्या ताब्यात असतो, आणि तो घेताना सोबत वाळूची बादली घ्यावीच लागते. बादलीची पावती वेगळी. शिवाय बादली आणि प्रोजेक्टर यांच्यासोबत स्वतः अग्निसुरक्षा अधिकारीही येतो. वजनकाट्यांबद्दल बोलताना आग लागण्याचा धोका कितपत, असं मी विचारलं. तो म्हणाला, “साहेब, आग विषय बघून लागत नाही.”

मग स्लाइडचा ठरावीक नमुना आला. वरती कंपनीचं चिन्ह, डावीकडे विभाग, उजवीकडे तारीख, खाली ‘अचूकता हाच आमचा बाणा’, त्याखाली पान क्रमांक आणि आडवं ‘गोपनीय’. एवढं सगळं झाल्यावर मधे जी जागा उरत होती तिच्यात माझं एक वाक्य मावेना. मी दोन रात्री अक्षरं लहान करत होतो. शेवटी बायको म्हणाली, “अहो, हे वाचायला त्यांना भिंग द्या. बादलीसोबत मिळत असेल.”

याच सुमारास आमच्या घराच्या खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हिंग स्कूलवाले या प्रकरणात शिरले. गृहस्थ चांगले आहेत, पण तीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्यांचा उजवा पाय स्वतंत्र झालाय. जिन्यातून आपण जरा भराभर उतरलो तरी ते जागच्या जागी ब्रेक दाबतात. मी त्यांच्यासमोर माझं भाषण म्हणून दाखवलं तेव्हा त्यांनी नऊ वेळा ब्रेक दाबला.

“फार बोलता,” ते म्हणाले. “रस्त्यावरचा फलक बघा. ‘सावकाश’. संपला विषय. त्यावर कुणी निबंध लिहितो का? निबंध वाचेपर्यंत गाडी खड्ड्यात. एका पाटीवर एक शब्द, बस.”

मला हे पटलं. नमुन्यातल्या उरलेल्या जागेत एक शब्द अगदी ऐसपैस बसत होता. माझ्या भागासाठी ‘पत्र’, बाईंसाठी ‘फोन’, मौनीबुवांसाठी ‘काटा’ आणि काकांसाठी ‘कोठी’. चार स्लाइड, चार शब्द. बघणाऱ्याला वाटावं की बालवाडीचा तक्ता आहे, पण पुस्तकातही असंच काहीतरी सांगितलं होतं की पडद्यावर मजकूर कमी ठेवा, म्हणजे लोक तुमच्याकडे बघतील. लोकांनी माझ्याकडे बघावं असं मला तोपर्यंत वाटत होतं.

“आणि नजर,” ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले. “डावीकडे, उजवीकडे, मग मधे, मग पुन्हा डावीकडे. एकाच माणसाकडे बघत राहिलात की गाडी त्याच्यावरच जाते.”

जाता जाता मी त्यांना मौनीबुवांची अडचण सांगितली. ते जिन्यातच थांबले. म्हणाले, “सोपं आहे. आमच्या गाडीत शिकाऊ माणूस गाडी चालवतो, पण शेजारच्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. तो गडबडला की आपण दाबायचा. तुमच्या या शिकाऊ माणसाच्या शेजारी कोण आहे?”

त्याच क्षणी मला माझं कर्तव्य कळलं. मौनीबुवांचा भाग मी पाठ करणार. ते अडखळले की मी हळूच पुढचं वाक्य पुरवणार, तरीही अडले तर सगळी पाच मिनिटं मी उचलणार. कुणाला सांगायचं नाही. मौनीबुवांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल आणि बाकीच्या दोघांना कळलं तर त्यांना वाटेल की हा शहाणपणा करतो. चांगलं काम गुपचूप करावं, असं माझं मत आहे.

मौनीबुवांचा भाग कागदावर उतरवायचं काम बाईंनी केलं होतं. मौनीबुवा काही सांगत नसल्यामुळे त्यांनी ‘असं करता का?’ असं विचारायचं आणि मौनीबुवांनी मान हलवायची, अशा पद्धतीने दीड पान तयार झालं. त्याच्या प्रती आम्ही चौघांनी घेतल्या, नुसत्या माहितीसाठी म्हणून. मी ते दीड पान अंघोळ करताना म्हणू लागलो, बसमध्ये म्हणू लागलो. ‘शंभरातले चाळीस काटे बिघडलेले नसतातच, ते नुसते वाकड्या जागी ठेवलेले असतात. म्हणून आधी पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला का ते बघायचं.’ आमच्या स्वयंपाकघरातला काटा वाकड्या जागी आहे हे मी चार वेळा दाखवून दिल्यावर बायको म्हणाली, “ते राहू दे. तुमचा स्वतःचा भाग कधी पाठ करणार?”

मी हसलो. म्हणालो, “अगं, स्वतःचा भाग पाठ कसला करायचा? बावीस वर्षं तेच करतोय. झोपेतून उठवून विचार.”

तिने उठवलं नाही. उठवायला हवं होतं.

सभागृह न मिळाल्यामुळे तालमी कोठीत झाल्या, फळ्यांच्या मधल्या बोळात. आम्ही तिघं कागद हातात धरून आपापला भाग वाचायचो. मौनीबुवांची पाळी आली की ते उभे राहायचे, ‘काटा’ म्हणायचे आणि थांबायचे. आम्ही वाट बघायचो. काका म्हणायचे, “सुरुवात छान आहे.” मग मौनीबुवा पुन्हा खोक्यावर जाऊन बसायचे आणि हातात काहीतरी घेऊन दुरुस्त करत राहायचे. तेरा तालमी झाल्या. तेराव्या तालमीत ते ‘काटा बिघडला’ इथपर्यंत पोचले, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कोठीतली मोडकी शिडी, तीन फळ्या आणि दाराची कडी मात्र तेवढ्या काळात दुरुस्त झाली. मी मनात म्हणालो, बिचाऱ्याचं इकडे लक्षच नाही.

सादरीकरणाच्या दोन दिवस आधी दुसरं परिपत्रक आलं. हातात कागद घेऊन वाचण्यास मनाई. मी ते शांतपणे वाचलं आणि फाइलला लावलं. मला कागदाची गरजच काय होती?

त्या दिवशी सभागृहात अकरा माणसं होती. पहिल्या रांगेत संचालिकाबाई, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, समोर एक छोटी वही. कोपऱ्यात प्रोजेक्टर, त्याच्या शेजारी वाळूची बादली आणि तिच्या शेजारी अग्निसुरक्षा अधिकारी, सावधान स्थितीत. मी घसा साफ करून पुढे झालो तेवढ्यात संचालिकाबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “आपण दुरुस्तीपासून सुरू करू या का? प्रत्यक्ष काम आधी ऐकायला मला आवडेल.”

मौनीबुवा तिसरे होते! तोपर्यंत आम्ही वातावरण तयार करणार होतो! पण पडद्यावर ‘काटा’ हा शब्द आला आणि मौनीबुवा उभे राहिले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉलरच्या आत मान एवढीशी दिसत होती. ते म्हणाले, “काटा.” आणि थांबले.

एक, दोन, तीन असे मी मनात दहा आकडे मोजले. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, बहुतेक एक वाजायला किती अवकाश आहे ते बघायला. मी मनात म्हणालो, हीच वेळ, दाब ब्रेक. आणि मी तोंड उघडलं.

“काटा बिघडला असं गिऱ्हाईक म्हणतं, पण शंभरातले चाळीस काटे बिघडलेले नसतातच...”

हे वाक्य तीन आवाजांत ऐकू आलं. मला आधी वाटलं की सभागृह घुमतंय. मग मी डावीकडे बघितलं. बाई बोलत होत्या. उजवीकडे बघितलं. कोठीकाका बोलत होते, अर्धा शब्द मागे. तिघांनी तेच दीड पान पाठ केलं होतं! तिघांनी गुपचूप! बाईंचे डोळे विस्फारले होते आणि काकांच्या चेहऱ्यावर भूत बघितल्याचा भाव होता, पण थांबायला कुणी तयार नाही, कारण पाढा मधे थांबला की पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागतो. आम्ही पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला. आम्ही वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितलं, आणि ते सांगताना तिघांचेही उजवे हात एकाच वेळी चार कोपऱ्यांना गेले. बरोबर पाच मिनिटांनी आम्ही तिघं एकाच श्वासात संपलो. अग्निसुरक्षा अधिकाऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि इकडेतिकडे बघून बंद केल्या.

“छान,” संचालिकाबाई सावकाश म्हणाल्या. “आता पत्रांचं काम कोण सांगणार?”

मी पुढे झालो. पडद्यावर ‘पत्र’ आलं. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग मधे, मग पुन्हा डावीकडे. डोक्यात काहीही नव्हतं. बावीस वर्षं नव्हती, एक महिना नव्हता, कालचा दिवससुद्धा नव्हता. पाणसळ होती, चार कोपरे होते, पण पत्राचं नाव नाही. रोजचं काम हाताला येतं हो, तोंडाला येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं आणि फार उशिरा कळलं.

“मॅडम,” मी म्हणालो, “पत्र येतं.”

“येतं?”

“टपालाने.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल याचा विचार मी अजूनही करतो. मी मदतीसाठी बाईंकडे बघितलं, तर बाई ‘फोन’ हा शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या आणि त्यांना त्याच्या पुढचं काही सुचत नव्हतं. काकांनी तर डोळेच मिटून घेतले होते. संपलं, मी मनात म्हणालो. आपण या माणसाला वाचवायला आलो आणि आपणच त्याला बुडवला. मला वहिनींचा चेहरा आठवेना, कारण मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं, आणि त्याची मला त्या सगळ्या माणसांसमोर इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

तेवढ्यात कुणीतरी बोलू लागलं. आवाज ओळखीचा नव्हता.

“हे प्रत्येक पत्र दोनदा वाचतात,” तो आवाज म्हणाला. “पहिल्यांदा राग वाचतात. मग पत्र बाजूला ठेवतात, पाणी पितात. दुसऱ्यांदा तक्रार वाचतात.”

मौनीबुवा! मी खुर्चीचा आधार घेतला. अग्निसुरक्षा अधिकाऱ्याचा हात बादलीकडे गेला.

“उत्तरात हे आधी गिऱ्हाइकाची चूक कधी लिहीत नाहीत. काटा वाकडा ठेवलाय असं लिहीत नाहीत. काट्याला सपाट जागा आवडते, असं लिहितात. लोक रागावत नाहीत मग. जागा बदलतात. दुरुस्तीला येणारे निम्मे काटे माझ्यापर्यंत येतच नाहीत ते यांच्यामुळे.”

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे मी ते करत होतो, पण करतोय हे मला माहीत नव्हतं. पाणी पितो हेसुद्धा माहीत नव्हतं. ते पुढे बोलत होते, हळू, पण न थांबता. बाई फोनवर पहिली दोन मिनिटं काहीच बोलत नाहीत, समोरच्याला ओरडू देतात, मग विचारतात की काटा कुठल्या खोलीत आहे, म्हणजे माणूस उठून बघायला जातो आणि उठला की त्याचा राग उतरतो. काकांच्या कोठीत जे काटे बनवणं बंद झालं त्यांचेही भाग आहेत, कारण बंद आपण केले, लोकांनी वापरायचे बंद केलेले नाहीत. कुठला भाग कुठल्या फळीवर, ते सगळं मौनीबुवांनी सांगितलं. तेरा तालमी खोक्यावर बसून त्यांनी आमचं ऐकलं होतं, आणि त्याआधीची कितीतरी वर्षंही. बाई रडत होत्या. काका नाक ओढत होते. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं. वीस मिनिटं झाली तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, “एवढंच.”

संचालिकाबाईंनी पेन खाली ठेवलं.

“तुम्हाला या सगळ्यांचं काम येतं?”

मौनीबुवा खरं बोलणारे. म्हणाले, “शेजारीच बसतो. येतं.”

आणि मग आम्हाला जो चेव आला! इतका अभिमान मला स्वतःबद्दल कधी वाटला नव्हता. “येतं म्हणजे काय मॅडम!” बाई म्हणाल्या. “मी रजेवर असले की फोन हेच घेतात. नुसते ऐकून घेतात, तरी गिऱ्हाईक शांत होतं.” काका म्हणाले, “कोठीची दुसरी किल्ली यांच्याकडेच असते. माझ्याआधी यांना सापडतं.” आता मी मागे कसा राहणार? मी एक पाऊल पुढे झालो, डावीकडे उजवीकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “मॅडम, हे आहेत म्हणून सांगतो, आम्ही तिघं नसलो तरी विभागाचं काही अडत नाही!”

टाळ्या पडल्या. या खेपेला सगळ्यांच्या. संचालिकाबाईंनी वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

घरी मी हा प्रसंग साभिनय सांगितला. बायको भाजी चिरत ऐकत होती. पाणसळीला हसली, टपालाला हसली, मौनीबुवांच्या वेळी तिने पदराने डोळे पुसले. शेवटी मी माझं वाक्य सांगितलं तेव्हा तिची सुरी थांबली.

“पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं, हातवाऱ्यांसकट.

“अहो, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालात?”

“म्हणजे काय! टाळ्या पडल्या!”

तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी ती मी दुधाचं पातेलं उतू घालवतो तेव्हा बघते. मग माझ्या हातवाऱ्यांचा वेग हळूहळू कमी झाला. माझ्या कानात माझंच वाक्य पुन्हा वाजलं, आणि या खेपेला त्यात टाळ्या नव्हत्या. मी तसाच उठून खाली ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांकडे गेलो आणि त्यांनाही सांगितलं. त्यांनी नुसता उजवा पाय दाबला आणि कितीतरी वेळ उचलला नाही.

आठवड्याने आदेश आला. पाकीट कोठीकाकांनी फोडलं. पहिला परिच्छेद अभिनंदनाचा. ‘सामूहिक कामाचा उत्कृष्ट नमुना’ असा आमचा गौरव होता. दुसऱ्या परिच्छेदात तक्रार विभाग आहे तिथेच ठेवण्यात आल्याचं कळवलं होतं. बाईंनी टाळी वाजवण्यासाठी हात वर नेले. तिसरा परिच्छेद काकांनी मोठ्याने वाचला नाही. कागद माझ्याकडे दिला. मी वाचून बाईंकडे दिला.

विभागाचं मनुष्यबळ, एक. उरलेले तिघं पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून कारखान्यात.

होणार हे आठ दिवस कळत होतं, तरी कागदावर बघितलं की धक्का बसायचा तो बसतोच. बावीस वर्षांचं माझं टेबल, माझी सैल चाकाची खुर्ची, ती एक उघडणारी खिडकी. सकाळी सहाची बस, संध्याकाळी आठला घरी. बाईंच्या मुलीची परीक्षा होती. काकांचे गुडघे दुखतात. आणि हे सगळं आम्ही आमच्या तोंडाने मागून घेतलं होतं, अकरा माणसांसमोर, अभिमानाने. याचा राग तरी कुणावर काढायचा?

बाईंनी कागद मौनीबुवांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि उठले.

“मी वर जातो,” ते म्हणाले. “संचालिकाबाईंना सांगतो. हे चूक आहे. मला एकट्याला जमणार नाही. राहायचं तर चौघांनी, नाहीतर मीही कारखान्यात...”

आठवड्यापूर्वी हाच माणूस ‘काटा’च्या पुढे जात नव्हता. आता तो न थांबता बोलत होता आणि दाराकडे निघाला होता, आणि तो वर जाऊन असाच बोलला असता तर संचालिकाबाईंना नक्की पटलं असतं. मला एक क्षण, मी खोटं बोलणार नाही, एक अख्खा क्षण वाटलं, जाऊ दे याला. बोलू दे.

मग बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. काका गुडघा धरून उठले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. मीही गेलो. दार अरुंद आहे, तिघं कसेबसे मावलो.

“खबरदार,” मी म्हणालो, “एक शब्द जरी वर जाऊन बोललात तर.”

“अहो पण...”

“पण नाही आणि बिण नाही,” काका म्हणाले.

“गप्प बसायचं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला.

मौनीबुवा आमच्याकडे बघत उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

“वहिनी वाट बघत असतील,” मी म्हणालो. “जा.”

त्यांनी मान खाली घातली. आम्ही दारातून बाजूला झालो आणि ते गेले, ‘जातो’ न म्हणताच. मग आम्ही तिघं डबे उघडून बसलो. शेवटी काकांनी खिशातून कारखान्याच्या बसचं वेळापत्रक काढलं आणि तिघांना दिसेल असं टेबलाच्या मधोमध ठेवलं.